शुक्रवारचं न्हाणं

सेतुमाधव तिळाच्या तेलाची वाटी घेऊन गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची स्वरदा जिन्यातूनच ओरडली, "काका, थांबा! काय ओतताय?"

"तेल, पोरी. चाक करकर करतंय."

"ब्रेकला तेल? मग गाडी थांबायची कशी?"

सेतुमाधवांनी वाटी खाली ठेवली. तमिळ मुलखातल्या मैलापूरच्या त्या जुन्या मराठी घरात दाराची बिजागरी असो की झोपाळ्याची कडी, जे करकरेल त्याला आजवर तिळाचं तेलच मिळालं होतं.

स्वरदा सांगलीची. शहराबाहेर ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात, ब्रेकच्याच विभागात इंजिनिअर होती. शनिवारची सुट्टी म्हणून दळण आणायला निघालेली ती पिशवी कठड्याला अडकवून खाली बसली.

"आवाज नेमका कधी येतो?"

"मी कुठं चालवतों? फाटकापर्यंत नेतों, परत आणतों. तेवढ्यात जात्यात खडे पडल्यागत वाजतं. ब्रेक दाबला कीं जास्ती."

गाडी त्यांच्या बायकोची, कृष्णवेणीची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. बेंगळुरूहून मुलगी श्रीरंजनी फोनवर सारखी म्हणायची, "अप्पा, विकून टाका." काल तर तिनं गिऱ्हाईकच ठरवलं. उद्या ते गृहस्थ येणार होते. ब्रेक गेले असतील तर गाडी द्यायची, असं सेतुमाधवांनी कबूल केलं होतं. रात्री झोप लागली नाही आणि उजाडताच ते वाटी घेऊन बाहेर आले.

"म्हणजे ब्रेक वाचले तर गाडी वाचली," स्वरदा म्हणाली.

"तसंच. आणि नाही वाचले, तर तसं सांग. लपवू नको."

मागच्या चाकांना विटा लावल्या. नट आधी सैल केले, मग जॅकनं पुढची बाजू उचलली आणि चाक काढलं. आतली लोखंडी तबकडी तांबडी लाल झाली होती. स्वरदानं टॉर्च मारून तबकडीला दोन्हीकडून धरणारे पॅड पाहिले. सेतुमाधव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दवाखान्यात रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरच्या तोंडाकडे ते असेच बघत असत.

"पॅड चांगले आहेत, काका. आतला आणि बाहेरचा, दोन्ही. हा सगळा गंज आहे. पण एवढा? समुद्राचं वारं आहे, ठीक आहे. तरी एवढा कसा? पाणी कुठून मिळतं हिला?"

"मी धुतों कीं. दर शुक्रवारी. ती धूत होती तशी. चाकांवर पाइप धरायचा, मग पुसून पुढं चंदन-कुंकू लावायचं. एक शुक्रवार चुकवला नाही."

"आणि मग?"

"मग हँडब्रेक ओढून वरून कापड घालतों."

"काकू काय करायच्या धुतल्यावर?"

"ती गाडी घेऊन कपालीश्वराच्या देवळात जायची. तिथनं भाजी..." सेतुमाधव बोलता बोलता थांबले.

स्वरदा हसली. "त्या चालवायच्या, म्हणून ब्रेक वाळायचे. तुम्ही तिला न्हाऊ घालता आणि ओल्या लुगड्यातच पांघरूण घालून निजवता. गंजेल नाही तर काय!"

सेतुमाधवांनी गंजलेल्या तबकडीवरून बोट फिरवलं. वर्षभर मनापासून केलं ते निम्मंच केलं होतं, आणि त्या निम्म्यानंच गाडीची वाट लावली होती. ते म्हणाले, "पॉलिश पेपर चालेल कां? घरात आहे."

"आणा."

दोघांनी दोन्ही बाजूंच्या तबकड्या घासल्या. एका बाजूची सरकती पिन आखडली होती. स्वरदानं ती काढून पुसली आणि वरून आपली डबी आणून ग्रीस लावलं.

"आतां कां लावतेस? मघाशी मला ओरडलीस."

"हे पिनेला, काका. तबकडीला बोट लावलंत तर याद राखा."

चाकं बसवली, नट आवळले. स्वरदानं इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहिलं. मग उतरून म्हणाली, "उरलेला गंज रस्त्यावर जाईल. चालवायचं, हळूहळू ब्रेक दाबायचे. बसा."

"तूं चालव."

"गाडी तुमची. उद्या मी असेन का?"

सेतुमाधव बसले. गुडघे स्टिअरिंगला टेकले. कृष्णवेणी बुटकी, तिची सीट पार पुढं ओढलेली. फाटकापर्यंत ते असेच अंग चोरून नेत होते.

"असा पाय ब्रेकवर नीट पडणार नाही," स्वरदा दुसऱ्या दारातून वाकून म्हणाली. "सीट मागं घ्या."

"तिनं लावलेली आहे."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सेतुमाधवांनी खाली हात घालून दांडी चाचपली, ओढली आणि टाचा रेटल्या. सीट खडखडत मागं गेली. त्यांचे पाय सुटे झाले.

"पट्टा लाव," ते म्हणाले, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

पहिल्या वळणावर ब्रेक असा खरखरला की एक रिक्षावाला मान काढून बघू लागला. पुढच्या वळणावर कमी. बीचच्या रस्त्याला लागेपर्यंत नुसती हलकी घरघर उरली. स्वरदा कान लावून बसली होती. "दाबा... सोडा... आता जरा जोरात." गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. मागून हॉर्नचा कल्ला झाला.

"झालं," ती म्हणाली. "मी तरी ही गाडी बिनधास्त चालवीन."

तेवढ्यात श्रीरंजनीचा फोन आला. स्वरदानं उचलून स्पीकरवर टाकला.

"अप्पा, उद्या ते दहाला येतील. ब्रेक बघितले कां?"

"येऊं नका म्हणून सांग त्यांना. ब्रेक चांगले आहेत."

"कुणी सांगितलं? आणि हा हॉर्नचा आवाज कसला? कुठं आहांत?"

"बीचवर. गाडी चालवतोंय."

"तुम्ही चालवतांय?" मग श्रीरंजनी हळूच म्हणाली, "सेरी, बरं. मग फोन ठेवा आधी. समोर बघा."

घराकडचं वळण आलं. "काका, इथं डावीकडं," स्वरदा म्हणाली, "माझं दळण राहिलंय."

"होय होय, नेतों तुला गिरणीत," सेतुमाधव म्हणाले, आणि गाडी सरळ पुढं जाऊ दिली. "एक चक्कर होऊंदे. अजून वाळायची आहे."