दुसरा भोंगा

धाकट्याने एक पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि नेमका तेवढ्यात भोंगा झाला.

दुसरा पाय फलाटावरच राहिला. अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा तो भोंगा असा काही कोकलतो, की माणूस आधी थिजतो आणि आपण थिजलोय हे त्याला मागाहून कळतं. खांद्यावरची बॅग घसरून कोपरापाशी आली होती, ती तिथेच लटकत राहिली. त्याने मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या घातल्या. हा बाबा चहाला गेला नसता, तर गाडी एव्हाना गावाबाहेर पडली असती.

बोगदा कोसळल्यावर आतल्या माणसांना काढण्यासाठी चाललेलं खोदकाम ज्या दिवशी, ज्या वेळी थांबवलं, त्या वेळी दरवर्षी हा भोंगा होतो आणि सगळा देश असेल तिथे उभा राहतो. थोड्या वेळाने दुसरा भोंगा होतो, मग जो तो आपापल्या कामाला लागतो. आता उभंच का राहायचं? तर आत अडकलेल्यांच्या घरच्यांत एक बाई होती, ती रात्रंदिवस बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली, एकदाही खाली बसली नाही, आणि ते घरोघरी टीव्हीवर दिसलं. आत तिचा थोरला होता. "खाली चिखल होता, बसणार कुठे?" असं ती नंतर एकदा घरी म्हणाली होती. पण तेव्हा टीव्हीवाले निघून गेले होते.

ती बाई आत्ता धाकट्यापासून हातभर अंतरावर, डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती.

आजचा दिवस त्याने मुद्दाम निवडला होता. आज आईमागे सकाळपासून माणसांची रीघ, संध्याकाळी स्मारकावरचा कार्यक्रम. ती काही स्टँडवर यायची नाही, असा त्याचा अंदाज. निरोपाचं रडणं त्याला नको होतं, कारण त्याला परत यायचंच नव्हतं. कळायला लागल्यापासून लोक त्याला दादाच्या भल्यामोठ्या फोटोखाली उभं करत आले होते आणि गालाला हात लावून 'अगदी तोच' म्हणत आले होते. या वर्षी तो वयाने दादाच्या पुढे गेला, तरी धाकटाच राहिला. आज सुटलो नाही तर जन्मभर त्या फोटोखालीच उभं राहावं लागेल, ही त्याला भीती होती. आणि आई मात्र सगळं सोडून त्याला पोचवायला आली होती.

दुसरा भोंगा होईना.

बाकावरून उठलेल्या म्हाताऱ्याच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. एक बाई पोराच्या बुटाची नाडी बांधायला वाकली होती, ती वाकलेलीच. टपरीपाशी ड्रायव्हर चहाचा घोट तोंडात धरून गाल फुगवून उभा होता. गाड्यांच्या वेळा दाखवणारा दिव्यांचा फलक काळा पडला होता. वीज गेली होती, म्हणजे भोंगाही गेला होता. हे समोर दिसत असूनही कुणाची हलायची छाती नव्हती. गेल्या वर्षी कुणीतरी मधेच फोन उचलला, तर त्याचा फोटो कितीतरी दिवस गावभर फिरत होता.

"संपलं का गं?" नाडीवाल्या पोराने खणखणीत आवाजात विचारलं.

त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला.

धाकट्याच्या पोटरीत गोळा आला. त्याने फलाटावरची टाच हळूच उचलली.

"सख्खा भाऊ ना तू?" गाडीतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "तू तरी?"

त्याने टाच खाली टेकवली. कान तापले. इतका राग आला, की बॅग फेकून द्यावीशी वाटली.

मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे आईकडे बघताहेत. मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून. पहिलं हलायचा मान तिचा होता. तिच्याकडे बघायला त्याचा धीर होईना, तरी त्याने बघितलं. आईचा डावा गुडघा लटलट कापत होता आणि ती लोकांकडे बघत होती. एकेका चेहऱ्याकडे. कुणी हललं तर आपल्यालाही हलता येईल, म्हणून बघत होती. इतकी वर्षं त्याला वाटायचं, हिनेच सगळ्यांना उभं धरलंय, आपल्यालाही. त्याला एकदम आईची फार दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

"सरक," आई म्हणाली.

"काय?"

"सरक जरा. मला बसू दे."

दांड्याला धरून ती पायरी चढली आणि दारालगतच्या पहिल्या सीटवर बसली. गाडीत उभे असलेले लोक तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"गुडघा दुखतोय माझा," ती फलाटावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"माझे तर दोन्ही," म्हणत म्हाताऱ्याने बाकावर अंग टाकलं. ड्रायव्हरने घोट गिळला. मग एकाच वेळी सगळ्यांना कंठ फुटला, आणि हां हां म्हणता स्टँडवर नेहमीचा गलका सुरू झाला.

धाकटा तिच्याशेजारी बसला. तिने डब्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"तू परत यायचा नाहीस, ते कळलंय मला."

"असं काही नाही गं, आई."

"खोटं बोललास की कान लाल होतात तुझे. त्याचे नाही व्हायचे. तो बिनधास्त थापा मारायचा." ती थोडं हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "या दिवशी नकोच येऊस. कधीच नको. एरवी ये. साध्या दिवशी ये, काही नसताना."

त्याने मान हलवली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. कंडक्टर लगबगीने आत आला आणि आईला बसलेली बघून गडबडला.

"मावशी, तुम्हीपण येताय? कुठलं तिकीट देऊ?"

"मी नाही येत," आई म्हणाली. धाकट्याच्या खांद्यावर भार देत ती उठली. "मला संध्याकाळी उभं राहायचंय."