मास्तरांची धून

पंचाहत्तरीला माणसाने काय मागावं? घरच्यांनी शाल ठरवून ठेवली होती, सुनेने, म्हणजे उत्तराने, काशीच्या गाडीची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. आणि वामनराव मास्तर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मूनबीमचा बँड बोलवा."

कृष्णकांतचा चहा बशीत सांडला. बेचाळीस वर्षांचा माणूस, एजी ऑफिसात सेक्शन सांभाळणारा, पण बापाने मूनबीमचं नाव काढलं की त्याच्या तळपायाला घाम फुटायचा.

मूनबीम हे नागपूरच्या सदरमधलं हॉटेल. आता ते राहिलं नाही, तिथे चपलांचं दुकान झालं. पण बहात्तर-त्र्याहत्तर साली त्याचा काय थाट होता, महाराज! समोर व्हरांडा, तिथे कॉफी आणि कटलेट. मागे हॉल, ती परमिट रूम. आणि दोन्हींच्या मधे लाकडी चौथऱ्यावर चार जणांचा बँड. सभ्य लोक पुढे कॉफी पीत ऐकायचे, बाकीचे मागे बिअर पीत. एकच बँड दोघांना पुरायचा, असा तो काटकसरीचा कारभार होता.

"कोणता बँड म्हणता, बाबा?" कृष्णकांतने आपला साळसूदपणे विचारलं.

"कोणता म्हणजे? शनिवारी फिरून येताना मी कॉफीला नव्हतो जात? व्हरांड्यात माझा पाय पडला की चालू गाणं सोडून ते लोक माझी धून धरायचे. एवढा मान मला शाळेनं दिला नाही."

हे त्यांनी शेजाऱ्यांना, व्याह्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं होतं. दरवेळी कृष्णकांतला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. वामनरावांनी छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि छडीने शिकवलं. परमिट रूममध्ये बसणारी निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि त्यात एक त्यांचा स्वतःचा पोरगा. मास्तर कॉफीला येतात हे कळल्यावर पोरांनी अॅकॉर्डियनवाल्या धोंडबाच्या पाया पडून एक सोय करून घेतली. धोंडबाचं तोंड फाटकाकडे असायचं. मास्तरांची काळी टोपी दिसली की त्याने एक ठरलेली धून उचलायची. धून ऐकली की ग्लास टेबलाखाली, आणि माणसं मागच्या दाराने सांदवाडीत, म्हणजे दोन भिंतींमधल्या बोळात, पसार! मास्तरांना जो मान वाटला, तो पोरांसाठी भोंगा होता.

"सांगून टाका ना एकदाचं," रात्रीची भांडी आवरताना उत्तरा म्हणाली. "आता काय छडी मारणार आहेत तुम्हाला?"

"छडीचं भ्याव नाही वं. पण नोकरी संपल्यावर त्यांच्याजवळ मिरवायला तेवढं एकच उरलं. ते कसं काढून घेऊ?"

मास्तरांचा उजवा कान गेलाच होता, आणि डाव्याचं दिवाळीपर्यंत सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हाताऱ्याने शाल सोडून बँड का मागितला, ते घरात सगळ्यांना कळत होतं. धून ऐकवायची, पण ती कशासाठी वाजायची ते बाबांना कळू द्यायचं नाही, हे कृष्णकांतने पक्कं केलं.

धोंडबा शहराबाहेर वाडीला असतो, एवढा पत्ता लागला. रविवारी कृष्णकांतने अमरावती रोडला स्कूटर काढली. ट्रकच्या रांगा, ताडपत्र्या, डिझेलचा वास. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात जाड चष्म्याचा एक माणूस टेबलाशी बसून मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पावत्या, फाडत होता.

"धोंडबाभाऊ, ओळखलं का?"

धोंडबाने चष्मा वर केला, खाली केला. "नाही बा. जरा पाठ फिरव पाहू."

कृष्णकांतने मुकाट पाठ फिरवली.

"हां! आता ओयखलं. मास्तरचा पोरगा तू! तुले म्या पळतानाच पाह्यलं हाये, तोंडावरून कसा ओयखू?" आणि धोंडबा असा हसला की हमाल काम सोडून पाहू लागले.

गोदामामागच्या भाड्याच्या खोलीत, खाटेखाली, घोंगडीत गुंडाळलेलं अॅकॉर्डियन होतं. धोंडबा मूळचा खाप्याचा. तिथल्या भजनी मंडळात पेटी शिकला, नागपुरात येऊन हे गळ्यात अडकवलं. भात्याला सायकलच्या पंक्चरचे दोन पॅच लावले होते.

"पेटीले हवा पुरते, मले नाही पुरत," तो म्हणाला. "पण मास्तरसाठी वाजवतो. भला माणूस. एक बाकी मले कधी समजलं नाही. एकटा येऊन बसे अन् कॉफी दोन कप मागवे. एक पेये, एक तशीच राहे. काहून गा?"

"कोणाची वाट पाहत असतील," कृष्णकांत म्हणाला. त्याचं लक्ष पेटीकडे होतं.

धोंडबाने पट्टे खांद्यावर घेतले आणि ती धून धरली. अहाहा! कृष्णकांतचं वय भर्रकन तेरा वर्षांनी उतरलं. रॉबीचे ड्रम, हॉलमधला धूर, तळलेल्या शेंगदाण्यांची बशी, टोळीतल्या श्रीधरचं ते गडगडाटी हसणं. किती साधे दिवस होते, आणि किती आपले! दोन ओळी झाल्या आणि धोंडबा थांबला.

"पुढं कसं होतं गा?"

"मला काय माहीत?"

"तू तं रोज होता ना तिथं!"

"पहिल्या दोन ओळीत मी सांदवाडीत असायचो, भाऊ. पुढचं मी आयुष्यात ऐकलं नाही."

धोंडबाने डोकं खाजवलं. धून त्याचीच, खाप्याच्या चालीवर त्याने बांधलेली, पण तेरा वर्षांत बोटं विसरली होती. रॉबी ऑस्ट्रेलियाला निघून गेला. उरलेल्या दोघांसाठी धोंडबाने नुसतं वर बोट दाखवलं. "मंग ते पुरी कोणाले येत असंन?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुरी धून दर शनिवारी बसून ऐकणारा सबंध नागपुरात एकच माणूस होता.

श्रीधरचा टेपरेकॉर्डर मागून आणला. हा श्रीधर आता बँकेत मॅनेजर होता, आणि मूनबीममध्ये पळण्यात पहिला नंबर त्याचा असायचा. "बाबा, बँडवाल्यांना तुमची धून हवी आहे, जरा गुणगुणता का?" एवढं विचारायचा अवकाश, मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. आवाज थरथरत होता, पण धून अगदी जागच्या जागी. दोन ओळी झाल्यावर ते थांबले.

"इथे थोडा खडखडाट व्हायचा. तो नाही घेतला तरी चालेल, पण तेवढी जागा सोडा म्हणावं."

कृष्णकांतची मान ताठ झाली. "ड्रमचा असेल, बाबा."

"असेल," मास्तर म्हणाले, आणि उरलेल्या सहा ओळी गुणगुणून पुन्हा सुपारीकडे वळले.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी घराजवळच्या हॉलमध्ये सगळे जमले. जुन्या टोळीतले चौघे आले होते. सगळ्यांची पोटं सुटलेली, डोकी पांढरी. कृष्णकांतने त्यांना बाजूला घेऊन तंबी दिली, "हे पाहा, कोणीही जागचं हलायचं नाही. पन्ह्याचा ग्लास हातात असला तर हातातच ठेवायचा. बाबांना काही कळता कामा नये."

"आम्ही काय लेकरं आहोत का बे?" श्रीधर म्हणाला.

ओवाळणं झालं, भाषणं झाली, मास्तर खुर्चीत शाल पांघरून बसले. धोंडबा पुढे आला. भाता फुगला आणि धून निघाली.

श्रीधरचा पन्ह्याचा ग्लास खुर्चीखाली गेला. बँकेचा मॅनेजर, बायको शेजारी, आणि ग्लास खुर्चीखाली! बाकीचे तिघे अर्धवट उठून वाकलेच राहिले. चार खुर्च्या एकदम खरडल्या. आणि कृष्णकांत? ज्याने सगळ्यांना बजावलं होतं, तो कुठे होता? तो मागच्या दाराशी, आचाऱ्याच्या कढईजवळ उभा होता. आपण इथे कधी आलो, हे त्याला समजेना. धून थांबली होती.

"कृष्णा!" वर्गातला तोच आवाज. "पुन्हा पळून राहिला?"

कृष्णकांत मान खाली घालून पुढे आला. आपण सगळं मातीत घातलं, असं वाटून त्याला रडू यायला लागलं.

"बाबा, तुम्हाला कसं..."

"छत्तीस वर्षं पोरं राखली मी, गधड्या! कोणतं पोरगं कोणत्या दारानं जाते ते मला फळ्याकडे तोंड असलं तरी कळत होतं. व्हरांड्यात चपलेचा अंगठा नीट करत उभा राहायचो मी. आतला खडखडाट थांबला की मग खुर्चीवर बसायचो."

आधी श्रीधरची बायको हसली आणि मग सबंध हॉल हसायला लागला. कृष्णकांतला मात्र हसू येईना.

"मग माझी धून, माझी धून असं का सांगत होते सगळ्यांना?"

"माझी नाही तर कोणाची? मला पाहूनच वाजायची ना? दुसऱ्या कोणासाठी वाजली कधी?" मास्तरांनी धोंडबाकडे पाहिलं. धोंडबाने छातीवर हात ठेवून नाही अशी मान हलवली.

"रागावले का नाहीत मग? घरी आल्यावर एका शब्दाने विचारलं नाही तुम्ही."

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असता. मला ते नव्हतं ऐकायचं." मास्तरांनी खांद्यावरची शाल सारखी केली. "धून बरी होती त्यापेक्षा."

मग त्यांनी डाव्या बाजूची खुर्ची हाताने थोपटली. "बस इथे. पुरी ऐक आज. आणि संपली की मला सांग. बारीक सूर आता लागत नाहीत मला."

धोंडबाने पहिल्यापासून धरली. दोन ओळी गेल्या. त्याने खडखडाटाची जागा सोडली, आणि ती जागा या वेळी रिकामीच राहिली. कोणी हललं नाही. मग तिसरी ओळ आली. ती पहिल्या दोन ओळींसारखी घाईची नव्हतीच. संथ होती, खाप्याच्या भजनासारखी, ओळीगणिक खाली खाली उतरत जाणारी. इतकी चांगली गोष्ट आपण दर शनिवारी पाठीमागे टाकून पळत होतो, याचं कृष्णकांतला फार वाईट वाटलं. शेजारी बापाचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं. शेवटी शेवटी ते चुकायला लागलं, मग नुसतंच टेकून राहिलं.

सूर थांबले. कृष्णकांत वाकला आणि डाव्या कानाशी म्हणाला, "संपली, बाबा."

"पुरी ऐकली?"

"पुरी."

"मग कॉफी सांग," मास्तर म्हणाले. "दोन सांग. दुसरी दरवेळी थंड होऊन जात होती."

कृष्णकांतच्या डोळ्यांना धार लागली. चारचौघांत, बायकापोरांसमोर, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. तो उठला, मागच्या दाराने आचाऱ्याकडे गेला आणि दोन कप स्वतः घेऊन आला. दोघांनी ती गरम गरम प्यायली.