मोठ्याने विचार

उत्तर येवो न येवो, बोलत राहायचं. कंपनीच्या भरती विभागातल्या चैत्राने श्रीहर्षला फोनवर हे तीनदा बजावलं होतं. मुलाखतीत उमेदवाराच्या डोक्यात काय चाललंय, ते म्हणे त्यांना ऐकायचं असतं.

अडचण अशी, की श्रीहर्षच्या तोंडून दिवसदिवस शब्द फुटत नसे. गावातल्याच एका छोट्या कंपनीत तो एका बँकेचा जुना प्रोग्राम सांभाळायचा. बरोबरचे एकेक करून बेंगळूरूला गेले, तसा हा घरूनच काम करू लागला. त्याला नऊ वर्षं झाली. आता बँक नवा प्रोग्राम घेणार होती आणि मार्चअखेर याचं काम संपणार होतं. वय अठ्ठेचाळीस. सीनियर इंजिनियर म्हणून मुलाखतीला बोलावणारी चैत्राची ही एकच मोठी कंपनी निघाली. खरं सांगायचं तर पगारापेक्षा त्याची नजर दुसऱ्याच गोष्टीवर होती. तिथे सहा-सहा जण एका टेबलाभोवती बसून काम करतात, असं त्याने वाचलं होतं.

म्हणून त्याने सराव सुरू केला. अग्रहारातल्या, म्हणजे जुन्या ब्राह्मण आळीतल्या, आपल्या माडीवर येरझारा घालत भिंतीला सांगायचं, "आता मी असा विचार करतोय..." दुसऱ्याच दिवशी खालच्या गिरिजाबाई शिवणयंत्र सोडून वर आल्या. हातात कॉफीचे दोन पेले.

"अय्यो श्रीहर्षा, पाहुणे आलेत नि सांगायचं नाही? मी म्हटलं, ह्याला आज वाचा फुटली की काय!"

एकटाच बडबडतोय हे सांगायची त्याला लाज वाटली. "ऑफिसातला मित्र आलाय. आंघोळीला गेलाय."

"दुपारी तीनला?"

"प्रवासातून आलाय."

"असू दे, असू दे. त्याची कॉफी झाकून ठेव हं, गार होईल."

त्या गेल्यावर त्याने दोन्ही पेले संपवले.

मुलाखत शुक्रवारी सकाळी अकराला होती, लॅपटॉपवरच. समोर निशांत नावाचा तिशीतला इंजिनियर. इंग्रजीत प्रश्न आला: लाखो माणसं एकाच क्षणी नाटकाचं तिकीट काढायला आली, तर एक खुर्ची दोघांना विकली जाणार नाही अशी व्यवस्था कशी कराल?

सुरुवात झकास झाली. श्रीहर्ष कागदावर चौकोन काढत बोलत होता, निशांत मान डोलावत होता. मग एक गाठ आली. पैसे भरता भरताच माणसाचं इंटरनेट गेलं, तर त्याच्यासाठी धरून ठेवलेली खुर्ची सोडायची कधी? श्रीहर्ष त्या गाठीत शिरला. आत सगळं ओळखीचं होतं, शांत होतं. गाठ सुटली तेव्हा त्याने आनंदाने वर पाहिलं.

"श्रीहर्ष, ऐकू येतंय ना?" निशांत म्हणत होता. "तीनदा विचारलं. मला वाटलं तुमचंच इंटरनेट गेलं. अकरा मिनिटं झाली."

"सॉरी. पण सुटलंय. हे पाहा ना."

त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. निशांतने निरखून पाहिलं. "बरोबर आहे. सुरेखच आहे. पण तुम्ही इथवर कसे पोचलात ते मला कळलंच नाही. सध्याच्या कामात कुठे अडलात, तर कोणाशी बोलता?"

खोटं सांगता आलं असतं. एक मित्र तर तयारच होता.

"कोणाशी नाही," श्रीहर्ष म्हणाला.

निशांतने खाली बघून काहीतरी टाइप केलं. "बरं. तुम्हाला काही विचारायचंय?"

वहीत चांगले नऊ प्रश्न लिहून ठेवले होते. त्यातला एकही त्याने विचारला नाही. "तुम्ही सहा जण... जेवायलाही एकत्रच बसता का?"

निशांतला हसू आलं. "बसतो की. भांडतो पण. एकीला रोज दुसऱ्याच्याच डब्यातलं लोणचं लागतं." मग त्याने घड्याळ पाहिलं. "चला, मला पुढचा कॉल आहे. चैत्रा तुम्हाला कळवेल."

त्या 'कळवेल'चा अर्थ कळण्याइतका श्रीहर्ष जाणता होता.

पडद्यावरून निशांतचा चेहरा गेला. श्रीहर्षने तो कागद पुढे ओढला आणि घसा खाकरला.

"इथे मी अडलो होतो," तो म्हणाला. "आधी वाटलं, पाच मिनिटं धरावी आणि सोडून द्यावी. पण सहाव्या मिनिटाला माणूस परत आला तर? त्याला काय सांगायचं?..."

एकेक पायरी त्याने उलगडली. कुठे चुकलो, कुठून मागे फिरलो, सगळं सांगितलं. शब्द हवे तसे येत होते, कुठे अडखळणं नाही. शेवटी "काही शंका?" असं त्याने विचारलं, विचारल्यावर थांबतात तेवढा थांबला, आणि लॅपटॉप मिटला.