नमुन्याचं नाव

बर्फाच्या डब्यातून दुसरी नळी काढताना तिचा अंगठा घसरला आणि नळी टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळली. तंत्रज्ञ बाईंनी ती अलगद धरली.

"नाव काय टाकू याचं?"

"तू."

"मी?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही हो. नमुन्याचं नावच 'तू' आहे. आधीच्याचं 'मी' होतं."

"बरं आहे. उद्या 'आम्ही सगळे' आणाल." बाई हसत हसत आत गेल्या आणि नळीतला थेंब त्यांनी यंत्राच्या बारीक काचनळीत चढवला.

तिला हसू आलं नाही. त्या थेंबात रक्तातून वेगळं काढलेलं एक प्रथिन होतं. एरवी त्याचे रेणू सुटेसुटे राहतात. तिच्या वडिलांच्या अंगात ते एकमेकांना चिकटत गेले, आधी पायांच्या नसांत, मग हृदयात, आणि पन्नाशी गाठायच्या आत वडील गेले. हे आपल्या दोघा भावंडांपैकी कोणाकडे आलंय, हे विचारायची घरात कोणाची छाती झाली नाही. दवाखान्याचा कागद घरात नको, असं धाकट्या भावाचं म्हणणं. मग तिनेच शेजारच्या नर्सला बोलावून दोघांचं रक्त काढून घेतलं. प्रयोगशाळेत दिवसभर परक्यांच्या रक्तातून ती हेच प्रथिन गाळत असे. घरचं गाळायला काय लागतं, असं उगाच मोठ्या तोंडाने म्हणालीही होती.

'मी'चा आलेख तासाभरापूर्वी सरळसोट आला होता. तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटत होती, कारण आता फक्त धाकट्याचीच भीती उरली होती.

शिशाचं जड दार बंद झालं. घंटा वाजली. क्ष-किरणांचे दहा छोटे झोत थेंबातून गेले आणि विखुरलेल्या किरणांची रेघ पडद्यावर उमटली. डाव्या टोकाला ती वर चढली होती. तिथे चढलेली रेघ म्हणजे गुठळ्या, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. नमुना कोणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता. "किरणांच्या माऱ्यानेही प्रथिन चिकटतं कधीकधी. पहिला झोत वेगळा काढून बघू, तसं असेल तर त्यात गुठळ्या दिसणार नाहीत."

पहिल्या झोताची रेघ दहाव्यावर तंतोतंत बसली.

"अं हं. हे आधीपासूनच आहे."

तिने नळी हातात घेतली. अक्षर तिचंच होतं, पण नाव तिने घरी रक्त काढलेल्या नळ्यांवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. त्या नळ्यांवरच्या नावाच्या पट्ट्या लिहिल्या होत्या धाकट्याने. लिहिणारा तो, तर 'मी' तो आणि 'तू' ती. की तिने सांगितलं होतं, आणि त्याने नुसतं लिहिलं? दंडावर कापूस दाबून ती बसली होती, तो काहीतरी चेष्टा करत होता. पुढचं काही केल्या आठवेना.

बाहेरच्या जिन्यात येऊन तिने त्याला फोन लावला. तो दुकानात होता.

"बोल ताई."

"त्या पट्ट्यांवर नावं मी सांगितली होती, की तू मनाने लिहिलीस?"

"आता ते कुठे आठवतंय." मग त्याचा आवाज खाली आला. "का गं? कळलं का काही?"

"आधी सांग. 'तू' म्हणजे कोण?"

"वाईट कुठली आहे?"

"मी विचारतेय ते सांग ना."

"ताई. वाईट कुठली आहे?"

"'तू'."

पलीकडे कोणीतरी त्याला हाका मारत होतं. तो ओ देत नव्हता.

"मग ती माझी," तो म्हणाला.

तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच तिला इतकी भीती वाटली की ती पायरीवर खाली बसली. तेव्हा कुठे तिला त्याच्या वाक्यातला पहिला शब्द ऐकू आला: 'मग'.

"आठवलं, की ठरवलंस?"

"तू सांगत होतीस, मी लिहीत होतो. स्पष्ट आठवतंय."

"आत्ता तर म्हणालास, आठवत नाही."

"आता आठवलं. आणि पुन्हा रक्त काढायचं नाही. माझंही नाही, तुझंही नाही." त्याने श्वास घेतला. "माझी शपथ आहे तुला."