पाहणीसाठी आवरलेलं घर

शिंपीणबाईचं नाव सरकारी घरांच्या यादीत नऊ वर्षं पडून होतं. अखेर पत्र आलं: मंगळवारी साहेब राहत्या खोलीची पाहणी करतील. खोली जितकी अपुरी, तितके गुण जास्त. गुण भरले तर दोन खोल्यांचं घर. पत्र घरात सगळ्यांनी वाचलं, पण परका माणूस घरी येणार एवढंच काय ते डोक्यात शिरलं.

"साहेबांना हा उकिरडा दाखवायचा?" सासूबाई म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

झालं! दोन दिवस सगळे कामाला जुंपले. भिंतीवरच्या ओलीवर नवऱ्याने उरलासुरला रंग फासला. गाद्यांची चवड शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे गेली. सासरे, दीर आणि तिन्ही पोरांची रवानगी समोरच्या बागेत झाली, आणि उगाच गर्दी नको म्हणून नवराही त्यांच्यामागे गेला.

साहेब आले, खुर्चीत ऐसपैस बसले, चहा प्याले आणि खूश झाले.

"छान ठेवलंय हो घर. पण अर्जात माणसं आठ, इथे तर दोनच दिसतात. ओलही नाही." त्यांनी पेन काढलं. "मला दिसतं तेच लिहावं लागतं, बाई."

शिंपीणबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षं जपलेली आशा तिने स्वतःच्या हाताने झाडून काढली होती. तिला रडूच येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. तिने खिडकीतून हाक मारली, "अहो, सगळ्यांना घेऊन या! गाद्यासुद्धा!"

मंडळी धापा टाकत आली.

"आता झोपा," ती म्हणाली.

"भर दुपारी?" सासऱ्यांनी विचारलं.

"रोज झोपता तसे."

सासरे शिलाई मशीनखाली पाय घालून आडवे झाले, दीर उंबऱ्याशी, नवरा खुर्चीला खेटून, पोरं एकाच गादीवर आडवी. सासूबाईंनी सुनेचा चेहरा पाहिला. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि नखांनी ओला रंग खरवडू लागल्या. खालचा काळा डाग वर आला.

साहेब जायला उठले, तर पाऊल टेकायला जागा नाही. एका पायावर डुलत ते म्हणाले, "अहो, मी बाहेर कसा पडू?"

"आम्हीही रोज सकाळी हेच विचारतो, साहेब," शिंपीणबाई म्हणाली.

धाकटी खुदकन हसली. मग सगळेच हसले, साहेबसुद्धा. त्यांनी तसंच उभ्या-उभ्या लिहिलं: माणसं आठ, भिंतीला ओल, पाहणी करणाऱ्याला बाहेर पडायला वाट नाही.

चौथ्या महिन्यात किल्ली मिळाली. दोन खोल्या, कोरड्या भिंती, मशीन खिडकीजवळ. शिंपीणबाई सुखात आहे. पाहुणे यायचे म्हटलं की तिचा हात अजूनही केरसुणीकडे जातो. घरच्या माणसांना मात्र ती आता बाहेर पाठवत नाही.