डांबरावर उभी राहिलेली डोंगराची गाडी

ऐका, मी गाडी बोलतेय. उंच चाकांची, डोंगरदऱ्यांत हिंडायला बनवलेली मोटारसायकल. पण डोंगर मी अजून लांबूनच बघितलाय.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटायचं, आपण कुणाच्या तरी कामी येऊ. दगडधोंड्यांत लागू नये म्हणून माझं पोट जमिनीपासून वर ठेवलेलं, टायरांना दाते जाडजूड. नाशिकच्या दुकानात रविराजनं मला बघितलं. त्याची नोकरी ओझरला, न्यायला कंपनीची बस येते. तरी म्हणाला, "हीच पाहिजे. माणसाला कुठंही जाता आलं पाहिजे."

कुठंही म्हणजे रविवारची मिसळ. माझ्यासारख्या उंच गाड्या ओळीनं उभ्या, मालक गुडघ्यांना ढाली बांधून पाव मोडताहेत आणि गप्पा लडाखच्या. घरी आलं की मला शाम्पूनं अंघोळ. आधी मला गंमत वाटली, मग कंटाळा आला. शिसारी आली ती श्रावणात.

रविराजचे वडील, पुंजाआबा. त्यांची थोरली बहीण चतुराबाई इगतपुरीकडं धरणापलीकडच्या वाडीत दिलेली. ती आता जायच्या वाटेवर असल्याचा निरोप आला. आपल्यात बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर घालतात. आबांना ते पटेना.

"मेल्यावर तिला काय कळणार? जितेपणी हातात देतो. बघू दे डोळ्यांनी."

अंजिरी लुगडं पिशवीत घालून ते माझ्यावर बसले. चढायला ओट्याचा आधार घ्यावा लागला, इतकी मी उंच.

वाडी समोर दिसायला लागली आणि डांबर संपलं. पुढं नुसता चिखल. मनात म्हटलं, आता माझं काम. तर रविराजनं मला बाजूला लावलं.

"आबा, पुढं नाही जमणार. घसरली तर सगळं खरचटेल."

"मला खरचटलं तर चालंल रे."

"तुमचं नाही, गाडीचं म्हणतोय."

आबांनी पिशवी काखेत मारली. धोतर खोचून चिखलात उतरले. चार पावलं टाकायची नि दम खायचा. बऱ्याच वेळानं मागून वाडीतला बुधा आला, जुनाट लहानशा गाडीवर, मागं खताची गोणी.

"साहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही, चालू आहे."

"मंग?"

रविराज मोबाइलात बघत राहिला. बुधानं गोणी माझ्याशेजारी उतरवली. "राखा जरा हिला. तुम्ही उभेच हायेत," म्हणाला, आणि पुढं जाऊन आबांना मागं घेतलं. ती गाडी घसरत, सावरत, धूर ओकत गेली.

इकडं रविराज खाली बसला. ओंजळीनं चिखल घेतला आणि माझ्या चाकांना, पोटाला, टाकीला फासला. लांब जाऊन फोटो काढले. मित्रांना पाठवताना लिहिलं, 'रस्ता संपतो तिथून आपण सुरू होतो.' अंगावरून पाल जावी तसं झालं मला.

तेवढ्यात बुधा आबांना घेऊन परत आला. आबांच्या हातात पिशवी नव्हती.

"आत्या गेली. मी उंबऱ्यात पोचलो नि जीव गेला. लुगडं वरूनच घातलं. चल, मातीला चल."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. टाकीवरचा चिखल त्यांनी बोटानं निपटून बघितला.

"ही कुठं गेली होती रे?"

रविराजनं मान फिरवली. "आबा, तुम्ही व्हा पुढं. गाडी इथं एकटी कशी सोडू?"

आबा त्याच्याकडं बघत राहिले, परक्या माणसाकडं बघावं तसे. बुधानं गोणी टाकीवर आडवी घेतली, आबा मागं बसले आणि दोघं निघून गेले.

आता मी बिल्डिंगखाली कापड पांघरून उभी असते. आबा माझ्या बाजूनं जातात, पण थांबत नाहीत. हौसेला मी वाईट म्हणत नाही, बाबांनो. माझ्यासारखी घ्यायची तर घ्या. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठं जायचं राहिलंय. तिथवर न्यायची तयारी नसेल, तर मला वाडीवरच्या कुणाला तरी देऊन टाका. गोणी, बाळंतीण, आजारी माणूस, जे लादाल ते नेईन.