पाहुण्यांची चादर

खोलीत फिनेलचा इतका वास मारत होता की त्याखाली काय दडवलंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. संस्थेच्या मॅनेजरबाई मात्र दादाच्या पलंगावरच्या निळ्या चादरीवरून कौतुकाने हात फिरवत होत्या.

"आम्ही सगळ्यांना घरच्यासारखं ठेवतो हो."

दादा, माझा थोरला भाऊ, अंग चोरून पलंगाच्या कडेला बसला होता. केस पांढरे झालेत, बुद्धी वाढलीच नाही. पण एकदा शिकवलेलं काम तो जन्मात विसरत नाही.

"निघते रे," मी म्हटलं. तसा तो लगेच उठला. मला वाटलं, दारापर्यंत सोडायला येतोय. त्याने उशीचा अभ्रा काढला, चादर ओढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि मॅनेजरबाईंच्या हातात दिली. खालची गादी मुताने पिवळी पडून कुजली होती.

"हे काय, दादा?"

"पाहुण्यांची आहे ती. आता शेजारच्याची आई यायचीय."

मॅनेजरबाई ओशाळल्यासुद्धा नाहीत. "फार गुणी आहे तुमचा भाऊ. काही सांगावं लागत नाही."

"मग बसा की जरा," मी त्या गादीकडे बोट दाखवलं. "घरच्यासारखं."

बाई चादर छातीशी धरून मागे सरकल्या. दादाने तोवर अंगातला कोरा शर्ट काढून त्याचीही घडी घातली होती.